नववा खांब

समजा, शनिवारी पहाटे पाच वाजता कुणी तुम्हाला एका जुन्या सायकलवर बसवलं आणि सांगितलं, जा, सहाशे किलोमीटर फिरून या, वेळ चाळीस तास. समजा, त्याच दिवशी असा पाऊस लागलाय की गटारं रस्त्यावर आलीत, आणि वारा नेमका तुम्ही जाणार त्या बाजूने अंगावर येतोय. डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटवर बायकोने जबरदस्तीने चढवलेली आंघोळीची प्लास्टिकची टोपी, पायांत मोज्यांवर भाजीच्या पिशव्या. आता समजा, तुमचं वय बावन्न आहे आणि कुणीही तुम्हाला जबरदस्ती केलेली नाही. उलट तुम्ही अर्ज भरून, हातापाया पडून ही परवानगी मिळवलीत.

हे सगळं ज्यांनी समजून नव्हे तर खरोखर केलं, ते समक्षराव.

हे त्यांचं पाळण्यातलं नाव नाही. समक्षराव पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचतात. घराघरांत जायचं, मागच्या बोळातून, पायऱ्यांखालून, कुत्र्याच्या शेजारून मीटर शोधायचा, झाकण उघडायचं, आकडा लिहायचा. घर बंद असेल तर खात्याची सोय आहे: मागच्या तीन महिन्यांचा वापर बघून 'सरासरी' असा शेरा मारायचा आणि पुढच्या दारात जायचं. सव्वीस वर्षांत समक्षरावांनी हा शेरा एकदाही मारला नाही. बंद घरासमोर ते थांबले, संध्याकाळी परत गेले, रविवारी गेले, एकदा तर शेजाऱ्याच्या शिडीवर एका पायाने उभे राहून भिंतीपलीकडे डोकावले आणि चोर म्हणून पकडले गेले. पण वहीत त्यांनी लिहिलं ते 'समक्ष पाहिले' असंच, आणि शेजारी घरमालकाची सही. मग ऑफिसातल्यांनी त्यांचं नावच ते करून टाकलं.

सायकलचं वेड त्यांना चाळिशीनंतर लागलं. आधी पन्नास किलोमीटर, मग शंभर, मग दोनशे. सहाशेच्या राइडला मात्र ते दोनदा बसले आणि दोनदा आपटले. पहिल्यांदा गुडघ्याने दगा दिला. दुसऱ्यांदा गुडघा शहाण्यासारखा वागला, पण वाटेत एका गावाबाहेर पाण्याची पाइपलाइन फुटलेली दिसली. ती पाहून पुढे जाणं त्यांच्या रक्तात नव्हतं. दुरुस्तीची गाडी येईपर्यंत ते दीड तास तिथे उभे राहिले आणि शेवटी चाळीस मिनिटांनी राइड हुकली.

"पाइप तुमच्या खात्याचा होता का?" बायकोने विचारलं.

"नाही."

"तुमच्या जिल्ह्यातला?"

"नाही."

"बरं," असं म्हणून तिने त्या दिवशी एक ठराव मांडला आणि तो बहुमताने, म्हणजे तिच्या एकटीच्या मताने, पास झाला. तिसऱ्यांदाही नाही जमलं, तर सायकल तिच्या धाकट्या भावाला द्यायची.

या मेहुण्याला डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता. तो काही ती सायकल रस्त्यावर काढणार नव्हता. त्याने एक लोखंडी स्टँड विकत आणला होता. त्यावर सायकलचं मागचं चाक उचलून बसवायचं आणि टीव्हीसमोर, हॉलमध्ये, जागच्या जागी पायडल मारायची. आपली सायकल कुठेही न जाता फिरत राहणार, हे चित्र समक्षरावांच्या डोळ्यांसमोर आलं की त्यांना घास गिळवत नसे. मेहुणा मात्र दर रविवारी येऊन सायकलभोवती एक चक्कर मारायचा. "दाजी, हिला घाई नाही हं मला," असं म्हणायचा आणि घंटी वाजवून बघायचा.

तर अशी ही तिसरी खेप. सतरा जण निघाले. राइडचा नियम साधा: प्रत्येकाजवळ एक कार्ड, ठरलेल्या ठिकाणी पोचलं की त्यावर शिक्का आणि वेळ. जिथे शिक्का मारायला माणूस बसवणं शक्य नाही, तिथल्यासाठी कार्डावर एक प्रश्न छापलेला. तिथे जाऊन बघितल्याशिवाय उत्तर देता येऊ नये असा. उत्तर चुकलं तर तुम्ही तिथे गेलाच नाहीत असं समजायचं आणि राइड बाद.

शनिवारचा दिवस पावसाने खाल्ला. दुपारपर्यंत समक्षरावांची बोटं इतकी बधिर झाली की गिअर तळहाताने ढकलायला लागत होता. बिस्किटाचा पुडा उघडेना, म्हणून त्यांनी दातांनी फाडला आणि निम्मा कागदासकट खाल्ला. रात्री एका पेट्रोल पंपाच्या हवा भरायच्या खोलीत दोन तास डोळे मिटले, बाकी वेळ पायडल मारली. सतरातले दहा जण तोवर गारठून गाडीत बसून घरी गेले होते.

रविवारी सकाळी पावणेसातच्या सुमाराला, चारशे दहाव्या किलोमीटरला ते आणि एक दाताचे डॉक्टर बरोबरच पोचले. हे डॉक्टर चाळिशीचे, अंगाने शिडशिडीत, बोलायला अघळपघळ. चारशे दहातले निदान दोनशे किलोमीटर त्यांनी तोंड मिटलं नव्हतं. दिवसभर लोकांना तोंड उघडं ठेवायला लावून स्वतः बोलायची सवय झालेली, दुसरं काय.

इथे शिक्का नव्हता, प्रश्न होता. 'रस्त्यालगतच्या पाण्याच्या टाकीला एकूण किती खांब आहेत?'

टाकी समोरच होती. दोन मजले उंचीची, गोल, जुनाट. डॉक्टरांनी सायकलवरूनच बोट नाचवलं.

"आठ. लिहा काका, आणि चला. थांबलो तर पाय गोठतील."

समक्षरावांनी चष्मा पुसला, मोजले. आठ. पिशवीतून कार्ड काढून पेन्सिलने आठ लिहिलं आणि निघाले.

पहिला किलोमीटर बरा गेला. दुसऱ्याला डोक्यात काहीतरी वळवळलं. तिसऱ्याला ते काय आहे ते कळलं.

"डॉक्टर, आपण मागे जाऊन बघितलं नाही."

"कशाच्या मागे?"

"टाकीच्या. रस्त्यावरून दिसले ते मोजले."

"गोल टाकी आहे काका. समोर चार, मागे चार."

"ते आपण धरून चाललो."

"धरून चालायचं असतं. मी दिवसाला वीस तोंडं बघतो. दर तोंडात बत्तीस मोजत बसलो तर दवाखाना बंद करावा लागेल."

समक्षरावांनी मनाशी ठरवलं की आपला दात दुखला तर दुसरीकडे जायचं.

नवव्या किलोमीटरला त्यांनी ब्रेक दाबला. डॉक्टर पुढे जाऊन थांबले, मान वळवून बघायला लागले.

"काका, नको. नऊ जायचे, नऊ यायचे. वर हा वारा. वेळेत नाही बसणार तुम्ही. आणि ती सायकल तुमची... ते स्टँडवर..." पहाटेपर्यंत डॉक्टरांना मेहुण्याची सगळी हकीकत माहीत झाली होती.

"मला माहीत आहे."

"आठ आहेत हो. आठच दिसतात."

"दिसतात," समक्षराव म्हणाले. "तेच म्हणतोय मी." आणि त्यांनी सायकल उलटी फिरवली.

परत जाताना वारा पाठीला लागला. नऊ किलोमीटर पंचवीस मिनिटांत झाले. निसर्ग आपल्या बाजूने आहे असं त्यांना वाटलं. हाच वारा पुन्हा तोंडावर घेऊन यायचंय, हा हिशेब त्यांनी मुद्दाम केला नाही.

टाकीच्या आवाराला तारेचं कुंपण होतं आणि एक मोडकं फाटक. समक्षरावांनी सायकल टेकवली आणि चिखलात शिरले. झुडपं, दगड, टाकून दिलेल्या पाइपांचं भेंडोळं. प्रत्येक खांबाला हात लावत ते मोजत निघाले. मागच्या बाजूला, शिडीजवळ, आठ झाले. पण बोटं अजून एका सिमेंटच्या खांबावर टेकली होती. तो वर्तुळाच्या जरासा बाहेर उभा होता, आणि रस्त्यावरून बघितलं तर बरोबर एका खांबामागे झाकला जाणारा. त्यांनी पुन्हा फेरी मारली. उलट्या दिशेने तिसरी मारली.

नऊ.

"साहेब," मागून आवाज आला, "एकदाच काय ते सांगून टाका. पाडणार ना?"

टाकीखालच्या खोलीच्या दारात एक म्हातारबा उभा होता. डोक्यावर खताचं पोतं, हातात व्हॉल्व्ह फिरवायची लोखंडी चावी. टाकीचं पाणी सोडणारा माणूस.

"काय पाडणार?"

"टाकी. मला कळतं सगळं. काल रात्रीपासून तुमची माणसं येतायत. लोखंडी टोप्या, अंगावर चमकणारे पट्टे. रस्त्यावर उभी राहतात, बोट करून खांब मोजतात, कागदावर लिहितात आणि एक शब्द न बोलता पळतात. एकाने तर फोटो काढला. हिने पहाटेपासून भांडी बांधायला घेतलीत."

आतून भांड्यांचा आवाज खरोखरच येत होता.

समक्षरावांनी त्याला सगळं सांगितलं. सायकल, सहाशे किलोमीटर, कार्ड, प्रश्न. म्हातारबाने सगळं नीट ऐकलं आणि त्यातला एकही शब्द खरा मानला नाही.

"एवढ्या पावसात माणूस सायकलवरून खांब मोजायला येतो?"

"येतो."

"पगारावर?"

"नाही."

म्हातारबा त्यांच्या डोक्यावरच्या आंघोळीच्या टोपीकडे बघत राहिला. मग बहुतेक त्याची खात्री पटली, की हा माणूस सरकारी नसणार. दारात वळून त्याने आत सांगितलं, "सोड गं भांडी. वेडे आहेत नुसते."

"खांब नऊ आहेत ना?" समक्षरावांनी विचारलं.

"नऊच. पण हा," त्याने चावीने त्या बाहेरच्या खांबावर टकटक केली, "हा वर टेकलेला नाही."

"म्हणजे?"

"याचं टोक आणि टाकी यांच्या मधे फट आहे. पाण्याची पातळी बघायला मी रोज शिडी चढतो. माझा हात जातो आरपार, मनगटापर्यंत."

समक्षरावांनी मान वर करून बघितलं. पाऊस चष्म्यावर पडत होता, पण ती फट दिसत होती. खांब आणि टाकी यांच्यामध्ये आभाळाची एक बारीक पट्टी.

"मग हा कशाला बांधला?"

"मी नोकरीला लागलो तेव्हापासून आहे. मी कधी विचारलं नाही."

समक्षरावांना विचारायचं होतं, आणखी बरंच. पण घड्याळ सव्वाआठ दाखवत होतं. त्यांनी कार्डावरचा आठ खोडला, नऊ लिहिलं, आणि सव्वीस वर्षांच्या सवयीने शेजारी लिहिलं: 'समक्ष मोजले.' मग पेन्सिल म्हातारबाच्या हातात दिली.

"इथे सही करा. फोन नंबरही लिहा."

सही म्हटल्यावर म्हातारबाचा संशय पुन्हा जागा झाला. पण त्याने केली.

पुढचे बारा तास समक्षराव नंतर कुणालाही नीट सांगू शकले नाहीत, कारण त्यांना ते नीट आठवत नाहीत. वारा तोंडावर होता, एवढं नक्की. एका चढावर एक गाय त्यांच्या पुढे निघून गेली, हेही नक्की. पाचशेव्या किलोमीटरला पंक्चर झालं आणि बधिर बोटांनी टायर उतरेना, तेव्हा त्यांनी टायरशी अशा भाषेत बोलणी केली जी त्यांच्या बायकोने कधी ऐकलेली नाही. चेनमधलं तेल धुऊन गेलं होतं, ती प्रत्येक फेऱ्याला किंचाळत होती. शेवटचे तीस किलोमीटर ते मोठ्याने आकडे मोजत आले, खांबांचे नव्हे, पायडलचे. मोजण्यात खंड पडला की झोप येत होती.

रात्री आठ वाजून त्रेपन्न मिनिटांनी ते पोचले. नऊच्या आत. सात मिनिटं शिल्लक.

शेवटचा मुक्काम म्हणजे आयोजकांचं औषधांचं दुकान. आयोजक हे फार्मसिस्ट. त्यांनी मागच्या खोलीत औषधांच्या खोक्यांमध्ये बाकं मांडली होती. आधी पोचलेले सहा जण ब्लँकेटात गुंडाळून बसले होते. त्यांतले दाताचे डॉक्टर टबात पाय सोडून बोलत होते. आणि दारातच मेहुणा उभा होता, हातात मोजमापाची टेप. समक्षराव सायकलवरून उतरलेही नाहीत, तोवर त्याने वाकून मागच्या चाकाला टेप लावली.

"दाजी, वेळेत आलात वाटतं," तो म्हणाला, पण सुरात थोडी निराशा होती. "मी आपलं माप घेऊन ठेवतो. असू दे."

फार्मसिस्टनी कार्ड घेतलं. शिक्के तपासले, वेळा तपासल्या, गोळ्यांच्या चिठ्ठीवर औषधाचं नाव वाचतात तसं कार्ड डोळ्याजवळ धरलं.

"सगळं उत्तम. फक्त हे नऊ काय आहे?"

"खांब."

"खांब आठ आहेत."

"नऊ आहेत."

डॉक्टरांनी टबात पाय हलवायचे थांबवले.

"समक्षराव, माझ्या उत्तरांच्या यादीत आठ आहे. या सहाही जणांनी आठ लिहिलंय. मला वाईट वाटतंय, पण उत्तर चुकलं की राइड बाद, हा नियम मी स्वतः छापलाय."

"नियम म्हणजे नियम, दाजी," मेहुणा टेप गुंडाळत म्हणाला.

समक्षराव खोकल्याच्या औषधाच्या खोक्यावर बसले. "यादी तुम्ही केलीत?"

"मीच."

"खांब तुम्ही मोजले होते?"

"मग काय."

"टाकीच्या मागे जाऊन?"

फार्मसिस्टनी चष्मा काढून पुसला. "रस्त्यावरून."

"उभे राहून?"

"गाडीतून."

"गाडी थांबवून?"

"हिला माहेरी पोचायची घाई होती," फार्मसिस्ट म्हणाले आणि खोक्यांकडे बघायला लागले.

"खाली नंबर आहे," समक्षराव म्हणाले. "लावा."

फोन लागला. फार्मसिस्टनी तो स्पीकरवर टाकला. पलीकडून पावसाचा आवाज आणि म्हातारबा.

"कोण?"

"सकाळी तुमच्याकडे एक गृहस्थ आले होते, खांब मोजायला..."

"हां, साहेब. मला वाटलंच तुमचा फोन येणार. टाकी एकदम भक्कम आहे, साहेब. पाडायची काही गरज नाही."

"पाडायचं नाही हो. खांब किती आहेत तेवढं सांगा."

"थांबा, समोर मोजतो. नंतर माझ्यावर यायला नको."

दाराचा आवाज आला. मग चिखलातली पावलं, आणि लोखंडी चावीचा सिमेंटवरचा ठोका. "एक." चार पावलं. "दोन." खोलीतले सगळे फोनभोवती वाकले. मेहुणासुद्धा वाकला. पाच झाले, सहा झाले. सातच्या नंतर म्हातारबा कशाला तरी अडखळला आणि त्याने जे काही म्हटलं तेही सगळ्यांनी ऐकलं. "आठ."

मग काहीच नाही. फक्त पाऊस. समक्षरावांनी डोळे मिटले. एका पायावर उभं राहून भिंतीपलीकडे डोकावणाऱ्या माणसालाही एखाद्या वेळी वाटतं, की आपण चुकलो तर नाही ना. तिसऱ्या फेरीत झोपेत मोजलं असेल तर?

ठोका वाजला.

"नऊ. झालं, साहेब. पुन्हा मोजू का?"

डॉक्टर इतक्या जोरात उठले की टबातलं निम्मं पाणी मलमपट्ट्यांच्या खोक्यांवर गेलं. "अभिनंदन, काका," ते म्हणाले, आणि लगेच त्यांचा चेहरा पडला. "अहो, पण मग आमचं काय? आम्ही सगळ्यांनी आठ लिहिलंय."

फार्मसिस्ट खाली बसले. एकाची राइड बाद करणं सोपं होतं. आता खरं उत्तर मानलं तर सहा जणांची जात होती, आणि ते सहाही जण त्यांच्याकडे ब्लँकेटातून बघत होते.

"समक्षराव, तुमच्या खात्यात कुणी आत जाऊन आकडा बघितलाच नाही, तर काय करतात?"

समक्षरावांना प्रश्न कळला. उत्तरही माहीत होतं.

"सरासरी धरतात."

"मग धरूया?"

सहा ओले चेहरे त्यांच्याकडे वळले. सव्वीस वर्षं ज्या शब्दाला त्यांनी वहीत पाय ठेवू दिला नव्हता, तो आज त्यांच्या होकारासाठी दारात उभा होता.

"धरा," समक्षराव म्हणाले. "पण माझ्या कार्डावर नको. त्यांच्या त्यांच्या कार्डावर लिहा."

फार्मसिस्टनी सहा कार्डांवर 'सरासरी' लिहिलं आणि सातव्यावर शिक्का मारला. मेहुण्याने टेप खिशात घातली, सायकलची घंटी एकदा, शेवटची, वाजवून बघितली आणि तोच समक्षरावांना हाताला धरून गाडीपर्यंत घेऊन गेला. त्याच्या घरी तो लोखंडी स्टँड अजून हॉलमध्ये आहे, त्यावर आता टॉवेल वाळतात.

घरी बायकोने कार्ड दोन्ही बाजूंनी वाचलं. "म्हणजे वेळेत झालं."

"झालं."

"आणि मधे नऊ किलोमीटर परत गेला होतात."

"गेलो होतो."

तिने कार्ड फ्रिजवर चुंबकाने लावलं. "फुटक्या पाइपापेक्षा बरं," एवढंच म्हणाली, आणि गरम पाण्याची पिशवी आणून दिली.

सोमवारी समक्षराव कामावर गेले. बसता येत नव्हतं, म्हणून दिवसभर उभ्याने मीटर वाचले. संध्याकाळी ते खात्याच्या इंजिनियरसाहेबांच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. साहेबांनी आठवड्याभरात ओळखीतून त्या टाकीचा जुना नकाशा मिळवून दिला. नकाशात आठ खांब होते. नववा नव्हताच.

"शिडीला आधार म्हणून असेल," साहेब म्हणाले.

"शिडी दुसऱ्या खांबाला आहे, साहेब. बोल्ट आहेत चार. समक्ष पाहिलेत."

"मग कंत्राटदाराकडे सिमेंट उरलं असेल."

"उरलेल्या सिमेंटचा कुणी दोन मजली खांब करतं?"

साहेबांनी नकाशा गुंडाळला आणि पाच वाजलेत, असं म्हटलं. म्हातारबाला फोन केला, तर तो म्हणाला की त्या दिवसापासून तोही रोज वर चढला की त्या फटीत हात घालून बघतो, आणि आता त्यालाही झोप लागत नाही.

पुढच्या महिन्यात टाकीकडे पुन्हा एक चक्कर मारायची असं समक्षरावांनी ठरवलंय. सायकलवरूनच. बायकोला अजून सांगितलेलं नाही. पण रस्त्याने जाताना, कुणाच्या मीटरचं झाकण उघडताना, मधेच ते थांबतात आणि घरमालकाला विचारतात, तेच जे त्यांनी साहेबांना विचारलं, म्हातारबाला विचारलं, दाताच्या डॉक्टरांनाही फोन करून विचारलं: एवढा चांगला, सरळ, दोन मजले उंच खांब वर नेत नेत कुणीतरी शेवटच्या चार बोटांवर आणून सोडला, तो माणूस तिथे नेमका का थांबला असेल?